केबिनच्या देखभालीतील मानवी चुका कशा टाळाव्यात

विमानाच्या केबिनचे काम म्हणजे गाद्या बदलणे, पॅनेल चढवणे आणि दिवे दुरुस्त करणे, अशी समजूत हँगरमध्येही आढळते, आणि इंजिनावर काम करताना जी सावधगिरी आपसूक बाळगली जाते ती येथे सैल पडते. प्रत्यक्षात प्रवाशाच्या डोक्यावरील पॅनेलमध्ये ऑक्सिजन जनरेटर (मास्कला ऑक्सिजन पुरवणारा रासायनिक डबा) असतो, दारात आपत्कालीन स्लाइड (बाहेर पडण्याची फुगणारी घसरगुंडी) असते आणि आसन जमिनीवरील सीट ट्रॅकमध्ये नीट अडकलेले नसेल तर ते रांगेसकट सुटते. 2012 मध्ये अमेरिकेत बोइंग 757 विमानांत असे उड्डाणादरम्यान घडलेही आहे. म्हणून काम कितीही पाठ असले तरी टास्क कार्ड (कामाच्या पायऱ्या लिहिलेला कागद) कामाच्या जागीच उघडे ठेवावे आणि प्रत्येक ओळीवरची सही ती कृती झाल्यावर लगेच करावी. पाळी संपताना एका बैठकीत केलेल्या सह्या या आठवणीच्या भरवशावर केलेल्या सह्या असतात.

अशा सहीची किंमत ऑक्सिजन जनरेटरच्या बाबतीत सर्वाधिक आहे. 11 मे 1996 रोजी मायामीहून निघालेले व्हॅल्यूजेट या विमानकंपनीचे डीसी-9 विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळून 110 जण मृत्युमुखी पडले. त्याच्या मालवाहू कप्प्यात एमडी-80 मालिकेतील विमानांच्या केबिनमधून काढलेले, मुदत संपलेले जनरेटर होते आणि त्यांच्यामुळेच आग लागली. मुदत संपली म्हणून जनरेटर रिकामा होत नाही: आतील सोडियम क्लोरेट शाबूत असते, पिन निघून आघात झाला की रासायनिक क्रिया सुरू होते, ती मध्येच थांबवता येत नाही आणि बाहेरचे कवच 200 अंश सेल्सिअसच्याही वर तापते. न वापरलेल्या जनरेटरवर सुरक्षा कॅप (तो चुकून सुरू होऊ न देणारी टोपी) बसवावी, अशी सूचना कार्डवर होती. कॅप कार्यशाळेत उपलब्ध नव्हत्या. तरीही काम पूर्ण झाल्याच्या सह्या झाल्या आणि पाठवणीच्या कागदावर ते डबे रिकामे असल्याची नोंद झाली.

यावरून कामाचा क्रम ठरतो. पॅनेल उघडण्यापूर्वी कॅप स्टोअरमधून हातात आलेल्या असाव्यात. त्या नसतील तर पॅनेल उघडूच नये. जनरेटर बाहेर काढण्यापूर्वी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे तो सुरक्षित करावा आणि खाली उतरवताच त्याला टॅग लावून त्यावर तो वापरलेला आहे की न वापरलेला, हे स्पष्ट लिहावे. एखादी ओळ पूर्ण करता येत नसेल तर ती मोकळी सोडून कारण नोंदवावे. ‘आत्ता सही करून टाक, कॅप उद्या येतील’ असे सुपरवायझरने सांगितले तरी सही करू नये. विमानाला उशीर झाल्याचा जाब त्याने द्यावा, खोट्या नोंदीचा जाब मात्र सही करणाऱ्याकडेच येतो.

केबिनमध्ये एकटेपणा मिळत नाही. सफाईवाले, केटरिंगचे लोक, दुसऱ्या कामाचे तंत्रज्ञ यांची सतत ये-जा असते, आणि हाक आली की हातातले काम अर्धे राहते. परत आल्यावर जिथे थांबलो असे वाटते तिथून पुढे न जाता किमान तीन पायऱ्या मागे जाऊन तिथपासून तपासत यावे. हातानेच घट्ट केलेला स्क्रू पूर्ण आवळलेल्या स्क्रूसारखाच दिसतो, त्यामुळे जागा सोडण्यापूर्वी तेथे खुणेचा टॅग लटकवावा.

पाळी बदलताना हस्तांतर कार्यालयात न करता कामाच्या जागी उभे राहून, तोंडी आणि लेखी अशा दोन्ही प्रकारे करावे. ‘ऑक्सिजनचे काम चालू आहे’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘रांग 14, उजवी बाजू: जुना जनरेटर काढला, कॅप बसवली, नवा बसवलेला नाही, पॅनेल नुसते टेकवलेले आहे’ ही नोंद पुढच्या माणसाच्या उपयोगी पडते. 5 जानेवारी 2024 रोजी पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या 737 मॅक्स 9 विमानाचा डोअर प्लग (न वापरलेल्या दाराची जागा बंद करणारा भाग) हवेत निखळला. कारखान्यात रिव्हेटच्या दुरुस्तीसाठी तो उघडला होता, त्या उघडण्याची नोंद झाली नाही आणि चार बोल्ट परत बसले नाहीत. ती चूक उत्पादनातली असली तरी देखभालीतही चूक याच वाटेने शिरते.

जे हलवले ते पूर्ववत करणे ही निराळी पायरी मानावी. 14 ऑगस्ट 2005 रोजी हेलिओस या विमानकंपनीच्या 737 विमानाच्या मागील दाराच्या तक्रारीवरून केबिनमधील दाबाची गळती-चाचणी झाली आणि दाब नियंत्रणाचा स्विच ‘मॅन्युअल’ (हाताने चालवण्याच्या) स्थितीतच राहिला. वैमानिकांच्या तपासणीतूनही तो निसटला, उंचीवर केबिनमध्ये पुरेसा दाब राहिला नाही, ऑक्सिजनअभावी वैमानिक बेशुद्ध झाले आणि विमान कोसळून सर्व 121 जण दगावले. सर्किट ब्रेकर, स्विच, स्लाइडची सुरक्षा पिन यांपैकी काहीही हलवले की त्याच क्षणी कार्डवर लिहावे. शेवटी तीच यादी हातात घेऊन दुसऱ्या माणसाने प्रत्येक स्थिती स्वतः डोळ्यांनी पाहावी.

कॅनडातील गॉर्डन ड्यूपाँट यांनी 1993 मध्ये मांडलेली चुकांच्या बारा कारणांची यादी प्रशिक्षणात शिकवली जाते, आणि तिच्यातील थकवा हे कारण रात्रपाळीत सर्वांत कमी कबूल केले जाते. शक्य असेल तेथे स्लाइड, जनरेटर आणि आसनांची जोडणी पहाटे तीनच्या आत उरकावी आणि पहाटेसाठी गालिचा व पडदे यांसारखी कामे ठेवावीत. सहीपूर्वी हत्यारांची मोजणी करावी. एक जरी कमी भरले तरी ते सापडेपर्यंत विमान उड्डाणासाठी सोडू नये.