लोहगावहून स्पिटफायर उडवायची असेल तर

कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी स्पिटफायरचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं, अ‍ॅड-ऑन घेतलं की पहिल्याच संध्याकाळी कोलांट्या मारून बघायचा मोह होतो. तो आठवडाभर आवरा. माझी सगळी नोकरी भोसरीत इंजिनांच्या टेस्ट बेडवर गेली, त्यामुळे माझा ओढा इंजिनाकडे असणारच. पण या विमानाची खरी गोडी कॉकपिटमधल्या डायलच्या काट्यांत आहे, हे धानोरीत माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी सांगतो.

मी बोलतोय ते मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसाठी फ्लाइंग आयर्नने केलेल्या मार्क ९ बद्दल. यात गोळ्या झाडता येत नाहीत. लढाईच हवी असेल तर डीसीएस हा दुसरा, लढाईचा सिम्युलेटर घ्या, पण तिथे पुणे नाही. आणि पुणे मला हवंच. लोहगावचा तळ १९३९ चा, महायुद्धात इथे खऱ्याखुऱ्या स्पिटफायर होत्या.

रडर पेडल, म्हणजे शेपटीचं सुकाणू पायाने फिरवायची पेडल, घ्याच. आपल्या गुळगुळीत फरशीवर ती पाय दाबताच पुढे सरकतात, म्हणून पेडल आणि भिंत यांच्यामध्ये एक फळी ठोकून बसवा आणि खाली रबराची मॅट घाला. सेटिंगमध्ये इंजिन बिघडण्याचा पर्याय चालू ठेवा. काहीच बिघडत नसेल तर काट्यांकडे बघायचं तरी कशाला?

आता मर्लिन, म्हणजे या विमानाचं इंजिन. बारा सिलिंडर, २७ लिटर, दोन टप्प्यांचा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप). बूस्टचा काटा शून्यावर म्हणजे इंजिनात जाणारी हवा समुद्रसपाटीवरच्या साध्या दाबाची. +८ म्हणजे दर चौरस इंचाला त्याहून आठ पौंड जास्त. सुरू करताना इंजिनात आधी थोडं पेट्रोल सोडणारा प्रायमरचा पंप हाताने मारावा लागतो. थंडीत जास्त, पुण्याच्या एप्रिलात थोडाच. इंजिन लागलं की रेंगाळू नका. रेडिएटर पंखांखाली आहेत, जमिनीवर त्यांतून पुरेशी हवा जात नाही आणि तापमान चढतच राहतं. तरी टॅक्सी, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं, सरळ रेषेत करता येत नाही, कारण लांब नाकापुढचं काही दिसत नाही. डावीकडे-उजवीकडे वळत, बाजूने बघत जायचं. ब्रेकची पट्टी स्टिकच्या, म्हणजे विमान वळवायच्या दांड्याच्या, कडीवर असते, कुठलं चाक धरायचं ते पेडल ठरवतं. हलक्या हाताने धरा, नाहीतर नाक जमिनीला लागेल.

धावपट्टी २८ वर उभे राहा, रडरचा ट्रिम (रडर एका बाजूला कललेला ठेवणारं चाक) पूर्ण उजवीकडे. थ्रॉटल हळूहळू +८ पर्यंत, इंजिनाचे फेरे मिनिटाला ३,०००. नाक डावीकडे ओढ घेतं; ते दिसायची वाट न बघता उजवा पाय दाबा.

पुढची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. चाकं उचलायचा दांडा कॉकपिटच्या उजव्या बाजूला आहे. म्हणजे वैमानिकाला उड्डाण होताच थ्रॉटल सोडून डाव्या हातात स्टिक घ्यावी लागे आणि उजव्या हाताने दांडा ओढावा लागे. नवख्याचं विमान त्या क्षणी हमखास वरखाली डुलायचं. तुम्ही कीबोर्डचं बटण दाबू नका. जॉयस्टिक टेबलाच्या मधोमध ठेवा, डाव्या हाताने धरा आणि उजव्या हातातल्या माउसने तो दांडा हलवा. हात सुटल्यावर थ्रॉटल मागे सरकू नये म्हणून त्याची घट्टी आधी वाढवलेली असली पाहिजे, एवढं लक्षात ठेवा. चार-दोन उड्डाणांत डुलणं थांबतं, आणि थांबलं की काय आनंद होतो म्हणून सांगू!

मग २१६ अंशांवर वळा. वेग ताशी २४० मैलांच्या आसपास ठेवा. उजव्या पंखाखालून पर्वती जाईल, पुढे उजवीकडेच खडकवासल्याचं पाणी, आणि पाच मिनिटांच्या आत समोर सिंहगड. गड समुद्रसपाटीपासून साधारण ४,३०० फूट आहे, तेव्हा ५,५०० वर राहा. खरं हवामान लावून जुलैत जाऊ नका, ढगांत गड दिसणारच नाही. ऑक्टोबरची सकाळ लावा. गडाला वळसा घालताना स्टिक दोन बोटांनी धरून बघा. एवढ्यात ती वळते.

उतरताना वेग ताशी १६० मैलांखाली आणून चाकं सोडा. फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या झडपा, एक तर पूर्ण वर, नाहीतर पूर्ण खाली. मधलं काही नाही. लांबून सरळ येऊ नका, धावपट्टी नाकाआड जाईल. डावीकडे सतत वळत या, शेवटच्या क्षणी सरळ व्हा, विमानतळाच्या कुंपणावर वेग सुमारे ९५. तिन्ही चाकं एकदम टेकली पाहिजेत. टेकल्यावर बहुतेक जण पाय सैल सोडतात, आणि विमान गर्रकन फिरतं ते तिथेच. पूर्ण थांबेपर्यंत स्टिक पोटाशी आणि पाय पेडलवर जागे ठेवा. हे जमलं की मग खुशाल कोलांट्या मारा.