मोठ्या स्वयंपाकासाठी पातेले निवडताना

बरीच माणसे जेवणार असतील, तेव्हा पातेले नजरेच्या अंदाजाने न घेता लिटरच्या हिशेबाने घ्यावे. माणशी साधारण 400 मिलिलिटर रस्सा किंवा सूप धरले, तर 50 जणांसाठी 20 लिटर होतात. पण उकळी आल्यावर पदार्थ उतू जाऊ नये आणि ढवळायलाही जागा राहावी म्हणून पातेले किमान 25 लिटरचे हवे. भांड्यावर माप लिहिलेले नसेल, तर आतील त्रिज्येचा वर्ग, उंची आणि 3.14 यांचा सेंटीमीटरमधील गुणाकार करून त्याला 1000 ने भागावे. 36 सेंटीमीटर व्यासाचे आणि 25 सेंटीमीटर उंचीचे पातेले जवळपास 25 लिटरचे भरते.

तळाची जाडी मात्र सर्वांत महत्त्वाची, कारण पातळ तळाखाली आच एकाच ठिकाणी लागते आणि दाट पदार्थ वर कच्चा दिसत असतानाच खाली करपतो. ॲल्युमिनियम उष्णता चांगली पसरवते, पण टोमॅटो किंवा चिंचेसारख्या आंबट पदार्थांशी त्याची प्रक्रिया होते. त्यामुळे जाड, थरांच्या तळाचे स्टीलचे पातेले महाग असले तरी मला अधिक भरवशाचे वाटते. कड्या रिव्हेटने पक्क्या बसवलेल्या असाव्यात.

20 लिटर पदार्थाचेच वजन सुमारे 20 किलो होते, शिवाय भांड्याचे वेगळे. ते उचलायला दोघे नसतील किंवा शेगडी लहान असेल, तर एकाऐवजी दोन मध्यम पातेली घ्यावीत. त्यांतले उरलेले अन्न लवकर निवते, हाही एक फायदाच.