दुप्पट नोडवर अडीचपट वेग? आधी ग्रिड सांगा

पाषाणला लॅबमध्ये जायला लागून दोनच महिने झाले होते. सुपरकॉम्प्युटरच्या आठ नोडवर (नोड म्हणजे त्यातला एकेक स्वतंत्र संगणक) चालणारा माझा कोड सोळा नोडवर टाकला, तर अडीचपट पळाला. दुप्पट नव्हे, अडीचपट! आलेखाची प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चहाचा कप त्यावरच टेकवला. "ग्रिड केवढी घेतलीस?"

तिथेच माती खाल्ली होती.

ग्रिड म्हणजे ज्या बिंदूंवर गणित करायचं त्यांची जाळी. माझी तिन्ही दिशांना २५६ बिंदूंची. डबल प्रिसिजनचा, म्हणजे दर बिंदूला आठ बाइट घेणारा एक अ‍ॅरे १३४ एमबी, असे पाच, म्हणजे ६७१ एमबी. आठ नोडवर प्रत्येकी ८४ एमबी येतात. आमच्या नोडची एल-थ्री कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच छोटी पण वेगवान मेमरी, दोन्ही प्रोसेसर मिळून जेमतेम ७१ एमबी. सोळा नोडवर वाटणी ४२ वर आली आणि सगळा डेटा कॅशमध्ये मावला. रॅमपर्यंत हेलपाटे घालायची गरजच संपली. यात माझ्या कोडचं कर्तृत्व शून्य. खऱ्या रनची ग्रिड १०२४ ची, म्हणजे ६४ पट डेटा. ती सोळा नोडच्या कॅशमध्ये कशी मावणार? म्हणून सांगतो, रन टाकण्याआधी नोडमागे किती एमबी येतात ते कागदावर मांडा. हा भागाकार मी केला नाही, आणि तीन आठवडे वाया गेले.

पेटाफ्लॉप्सच्या, म्हणजे सेकंदाला किती गणितं होतात त्या आकड्यांचंही असंच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेच्या 'अर्का' सुपरकॉम्प्युटरची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, पण आपल्या स्टेन्सिल कोडला (प्रत्येक बिंदूसाठी शेजारचे बिंदू वाचणाऱ्या) त्यातलं किती मिळेल, हे मेमरी बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून डेटा येण्याचा वेग ठरवतो. जपानचा फुगाकू सुपरकॉम्प्युटर लिनपॅक या नेहमीच्या चाचणीवर ४४२ पेटाफ्लॉप्स देतो आणि मेमरीवर ताण देणाऱ्या एचपीसीजी चाचणीवर फक्त १६. चार टक्केसुद्धा नाहीत! तेव्हा तुमचा कोड मशीनच्या क्षमतेच्या पाच टक्क्यांवर अडकला म्हणून रडत बसू नका, तो बहुतेक ठीकच आहे.

सीनियरची जॉब स्क्रिप्ट मात्र डोळे झाकून उचलू नका. त्यातलं कोअर-बाइंडिंग, म्हणजे कोणता थ्रेड प्रोसेसरच्या कोणत्या कोअरवर चालवायचा ते, त्याच्या मशीनचं असतं. तुमच्याकडे चार थ्रेड एकाच कोअरवर चढून बसू शकतात. आणि "वाच, समजेल" म्हणणाऱ्या गाइडपेक्षा ग्रिड विचारणारा गाइड शंभर पटींनी बरा, मग त्याने आलेखावर चहा सांडला तरी चालेल.

१०२४ च्या ग्रिडवर शेवटी आठवरून सोळाला १.८ पट आलं. सर म्हणाले, "हां, हे छाप."

आउटपुट फाइल लिहिणं बंद ठेवून मोजलेल्या वेळेचा किस्सा अजून सांगायचाय, पण तो सांगायला मला आणखी एखादं वर्ष लागेल.