पोटात एक, कडेवर एक: दुसऱ्या खेपेला या चुका टाळा

पहिल्या खेपेला दमलं की आडवं व्हायचं, मळमळलं की झोपून राहायचं, सगळं घर आपल्याभोवती फिरायचं. दुसऱ्या खेपेला मात्र दीड-दोन वर्षांचं एक पोर अंगावर चढलेलं असतं आणि तुमचा कितवा आठवडा चालू आहे याच्याशी त्याला काहीही देणंघेणं नसतं. या काळात ज्या चुका होतात ना, त्यातल्या बऱ्याचशा एकाच जातीच्या असतात. सगळे बदल शेवटच्या दोन महिन्यांत कोंबायचे आणि वर प्रत्येक बदलाचं बिल बाळाच्या नावावर फाडायचं. मग मोठं लेकरू अजून न आलेल्या बाळावर आधीच खार खाऊन बसतं आणि आपण सगळ्यांना सांगत सुटतो की जेलस आहे हो फार.

"बाळ आहे ना पोटात, म्हणून नाही"

दिवसातून किती वेळा हे वाक्य घरात म्हटलं जातं ते एकदा नीट ऐकून बघा. बाळ आहे म्हणून उचलत नाही, बाळ आहे म्हणून उड्या मारू नको, बाळ झोपलंय म्हणून ओरडू नको (पोटात झोपलेल्या बाळाला ओरडण्याने काडीचा फरक पडत नाही हे आपल्यालाही माहिती असतं, पण सोयीचं पडतं ना). दोन वर्षांच्या डोक्यात याचा हिशोब सोपा होतो, बाळ नावाचं कोणीतरी आहे आणि ते माझं सगळं काढून घेतंय.

त्यापेक्षा कारण स्वतःवर घ्या. माझी पाठ दुखतेय, मी दमलेय, आत्ता बसून खेळूया. खरं पण तेच असतं. आणि नुसता नकार देऊन सोडू नका, लगेच दुसरं काहीतरी हातात द्या, उचलता येत नाहीये तर मी खाली बसते तू मांडीत ये, आठव्या-नवव्या महिन्यात मांडी उरतच नाही तेव्हा शेजारी कुशीत ये.

उचलण्यावरून तर घरोघरी वाद असतात. प्रेग्नन्सी नॉर्मल असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर मुलाला अधूनमधून उचलल्याने बाळाला सहसा काही होत नाही. त्रास होतो तो तुम्हाला, कारण या काळातल्या हार्मोन्समुळे सांधे आणि लिगामेंट सैल पडतात, पोटामुळे तोल पुढे जातो आणि पोरगं असतं अकरा-बारा किलोचं. वाकून झटक्यात उचलू नका, गुडघ्यात बसून त्याला अंगाला चिकटवून मग उठा, किंवा त्यालाच खुर्चीवर नाहीतर सोफ्यावर चढू द्या आणि तिथून घ्या. कमरेच्या एकाच बाजूला तासन्‌तास घेऊन फिरणं टाळा. वार (प्लासेंटा) खाली असेल, ब्लीडिंग झालं असेल, वेळेआधी कळा येण्याची भीती असेल तर मात्र हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही, डॉक्टर सांगतील तेच.

बातमी फार लवकर सांगणं

टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी पोराला सांगून मोकळे होतात लोक. आता याला "उद्या" आणि "परवा" यातला फरक कळत नाही, तो सात-आठ महिने कसला मोजणार. रोज सकाळी उठून विचारणार बाळ कुठेय, आणि आठवड्याभरात त्याचा विषयातला इंटरेस्ट संपणार. पोट दिसायला लागलं, तो हात लावून "हे काय" विचारायला लागला की सांगावं. एक अपवाद आहे पण, आई सारखी उलट्या करतेय, सारखी झोपून आहे हे त्याला दिसतंय आणि तो घाबरतोय तर तेव्हाच थोडक्यात सांगा की आईला बरं वाटत नाहीये, हे बरं होणार आहे, तुझ्यामुळे काही झालेलं नाही. शेवटचं वाक्य विसरू नका, लहान मुलं दोष स्वतःकडे ओढून घेतात.

आणि "तुझ्याशी खेळायला बाळ येणार" असलं आश्वासन देऊच नका. येणार ते फक्त झोपणार, दूध पिणार आणि रडणार. तेच सांगा. "आता तू मोठा दादा, शहाण्यासारखं वागायचं" हेही तसंच, दोन वर्षांचं पोर बाळ आल्यावरही दोन वर्षांचंच असणार आहे. पाहुणे मंडळी गमतीत म्हणतात ना, की आता तुझे लाड बंद, आता आई बाळाची, तिथे हसून सोडून देऊ नका, त्याच्या समोरच ठामपणे सांगा की असं काही होणार नाहीये. वाईट वाटलं कुणाला तर वाटू दे.

शेवटच्या महिन्यात सगळं एकदम

पाळण्यातून मोठ्या बेडवर, डायपरमधून पॉटीवर, घरातून प्लेस्कूलमध्ये, आईच्या कुशीतून वेगळ्या खोलीत, आणि हे सगळं डिलिव्हरीच्या आधीच्या चार आठवड्यांत! कितीही गोड पोर असलं तरी बिथरणारच. बेड बदलायचा असेल तर दोन-तीन महिने आधी बदला, म्हणजे बाळ येईल तेव्हा आपला जुना पाळणा बाळाने बळकावला असं त्याला वाटणार नाही. पॉटी ट्रेनिंगचं सरळ बघा, मूल तयार असेल आणि हातात पुरेसे महिने असतील तर करून टाका, नाहीतर बाळ आल्यानंतर घर जरा स्थिरावेपर्यंत थांबा. दोन मुलांचे डायपर एकदम बदलणं कटकटीचं आहे मान्य, पण घाईने शिकवलेलं पॉटी बाळ आल्यावर पहिल्याच आठवड्यात विसरलं जातं आणि मग दुप्पट काम.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते झोपवण्याकडे. पोराला फक्त आईच झोपवते, फक्त आईच अंघोळ घालते, असं असेल तर बाबांनी शेवटच्या आठवड्याची वाट बघू नये. आत्तापासून एक दिवसाआड बाबा. पहिले काही दिवस आकांडतांडव होईल, आईने दाराआड उभं राहून "नीट थोपट ना" अशा सूचना देऊ नयेत, बाबांची पद्धत वेगळी असली तरी चालेल. डिलिव्हरीच्या रात्री आई घरी नसेल तेव्हा निदान झोपण्याचं तरी काहीतरी ओळखीचं असेल.

अजून पाजत असाल तर घाबरून एका दिवसात तोडू नका. नॉर्मल प्रेग्नन्सीत पाजणं चालू ठेवता येतं, डॉक्टरांना विचारून घ्या. मधल्या महिन्यांत दूध कमी होतं, चव बदलते आणि बरीच मुलं आपणहून सोडतात.

इथे मात्र गंमत नाही

आयर्नच्या गोळ्या. टेबलावर, पर्समध्ये, उशाशी पडलेल्या असतात आणि बऱ्याचदा दिसतात अगदी चॉकलेटच्या गोळीसारख्या. लहान मुलाने त्या खाल्ल्या तर जीवावर बेतू शकतं. आणि यातला फसवा भाग असा की आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल बरं झाल्यासारखं वाटतं आणि नंतर तब्येत ढासळते. म्हणून गोळ्या उंचावर, कुलपात. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी घरी उलटी काढायचा प्रयत्न न करता पाकीट हातात घेऊन थेट हॉस्पिटल. त्याच्यासमोर गोळी घेताना "आईचं चॉकलेट" म्हणायची सवय असेल तर आजच बंद.

दुसरं म्हणजे उष्टं खाणं. पोराच्या ताटातलं उरलेलं संपवणं, त्याचा चमचा तोंडात घालणं हे आपण विचार न करता करतो. सीएमव्ही नावाचा एक व्हायरस असतो, लहान मुलांना तो डेकेअर-प्लेस्कूलमध्ये सहज लागतो, बहुतेकांना काही लक्षणंही दिसत नाहीत, पण त्यांच्या लाळेत आणि लघवीत तो महिनोन्‌महिने राहू शकतो. तो प्रेग्नन्सीत आईकडून पोटातल्या बाळाला गेला तर बाळाच्या ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. तर चमचा-ग्लास-टूथब्रश वेगळे, पापा ओठांऐवजी डोक्यावर, आणि डायपर बदलल्यावर किंवा नाक पुसल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुणं. पोराशी लांब राहायची गरज नाही, मिठ्या मारा हव्या तेवढ्या.

पोटावर लाथ बसली तर? झोपेत, खेळताना बसणारच. बाळ गर्भजलात आणि गर्भाशयाच्या जाड भिंतीत असतं, साध्या लाथेने सहसा काही होत नाही. पण जोरात मार बसला, तुम्ही पडलात, किंवा त्यानंतर ब्लीडिंग, पाणी जाणं, न थांबणारी दुखणी, बाळाची हालचाल कमी वाटणं यातलं काहीही झालं तर लगेच डॉक्टर. सकाळपर्यंत थांबू नका.

डिलिव्हरीच्या दिवसाचा प्लॅन नसणं

दुसऱ्या वेळी कळा सुरू झाल्यापासून डिलिव्हरीपर्यंतचा वेळ बहुतेकदा पहिल्यापेक्षा कमी असतो, म्हणून "तेव्हाचं तेव्हा बघू" हे इथे चालत नाही. मोठ्याला कोण सांभाळणार हे दोन माणसं ठरवून ठेवा, एक मेन आणि एक बॅकअप, कारण कळा रात्री अडीचलाही येतात. त्या माणसाकडे आधी एकदोनदा रात्रभर राहायला पाठवून बघा. त्याचं झोपायचं पांघरूण, आवडतं खेळणं, रात्री रडला तर काय करायचं हे एका कागदावर लिहून द्या, फोनवर समजावत बसायला तेव्हा वेळ नसतो. आणि पोर झोपलंय म्हणून गुपचूप निघून जाऊ नका, शक्य असेल तर उठवून सांगून जा. रडेल, पण सकाळी उठून आई गायब दिसण्यापेक्षा ते बरं.

आणि चूक आधीच झाली असेल तर

मोठं मूल परत बाटली मागायला लागलं, चड्डी ओली करायला लागलं, बोबडं बोलायला लागलं, तर रागवू नका आणि "एवढा मोठा घोडा" म्हणून हसूही नका. मागतोय तर द्या बाटली, एकदोनदा पिऊन बघेल आणि कंटाळून टाकेल. हे बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप कमी होतं. बाळाला मारलं, ढकललं तर हात धरून थांबवा, थोडक्यात सांगा की मारायचं नाही, आणि लेक्चर तिथेच संपवा. पण बाळ आणि तो दोघेच खोलीत, असं मात्र एक मिनिटही सोडू नका, तो कितीही प्रेमाने पापे घेत असला तरी. आणि रोज दहा-पंधरा मिनिटं फक्त त्याची ठेवा, बाळ दुसऱ्या कुणाच्या हातात, तुमचा फोन दुसऱ्या खोलीत आणि काय खेळायचं ते तो ठरवणार. त्या वेळात बाळ रडलं तर निदान एकदा तरी मोठ्याला ऐकू जाईल असं म्हणा, "बाळा, थांब जरा, आत्ता माझी दादाबरोबर खेळायची वेळ आहे."