विजेच्या दिव्यांची तुलना कशी करावी: ल्युमेन, वॅट आणि खोक्यावरचे तास

दिवे निवडताना सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे वॅटवरून प्रकाशाचा अंदाज बांधणे. वॅट हा दिवा किती वीज खातो याचा आकडा आहे. प्रकाश किती पडेल हे ल्युमेनवरून कळते. म्हणून खोक्यावरच्या ल्युमेनला वॅटने भागावे आणि येणारा भागाकार हीच दिव्याची कार्यक्षमता समजावी. २३० व्होल्टवर चालणारा ६० वॅटचा तंतूचा बल्ब साधारण ७०० ल्युमेन देतो, म्हणजे दर वॅटमागे जेमतेम १२. बाकीची बहुतेक वीज उष्णतेत जाते, आणि पेटलेल्या बल्बला चुकून हात लावलेल्या कोणालाही ते वेगळे सांगावे लागत नाही. हॅलोजनमध्ये हाच आकडा १५ ते २५, सीएफएलमध्ये (वळवलेल्या बारीक ट्यूबच्या दिव्यात) ५० ते ७०, चांगल्या ट्यूबलाइटमध्ये ८० ते १००, तर एलईडीमध्ये ८० पासून १५० च्याही पुढे जातो. ट्यूबलाइटच्या बाबतीत मात्र एक मेख आहे: ट्यूबवर छापलेले वॅट फक्त ट्यूबचे असतात आणि जुन्या पद्धतीचा तांब्याच्या वेढ्यांचा चोक (ट्यूबमधला विजेचा प्रवाह आवरणारा भाग) आणखी सहा ते दहा वॅट स्वतःच गिळतो, तेव्हा भागाकार करताना ते मिळवून घ्यावेत.

तुलना नेहमी समान प्रकाशाची करावी. ७०० ल्युमेनसाठी तंतूच्या बल्बला ६०, सीएफएलला सुमारे १२ आणि एलईडीला सुमारे ७ वॅट लागतात. दिवा रोज पाच तास लावला तर वर्षाचे १,८२५ तास होतात. त्यांना वॅटने गुणून हजाराने भागल्यास अनुक्रमे सुमारे ११०, २२ आणि १३ युनिट येतात. सीएफएलवरून एलईडीकडे जाण्यातली बचत ही तंतूचा बल्ब सोडण्यातल्या बचतीपुढे किरकोळ आहे, त्यामुळे धडधाकट सीएफएल केवळ विजेसाठी काढून टाकण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

आयुष्याचे आकडे मात्र इतक्या सरळपणे शेजारी मांडता येत नाहीत. तंतूच्या बल्बचे १,००० तास किंवा सीएफएलचे ६,००० ते १५,००० तास म्हणजे चाचणीतले निम्मे दिवे बंद पडेपर्यंतचा काळ. एलईडीचे १५,००० ते ५०,००० तास मात्र बहुधा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतचे असतात. त्या वेळी दिवा पेटतच असतो, फक्त मंदावलेला असतो. शिवाय हा आकडा मुख्यतः प्रकाश देणाऱ्या चिपचा असतो, पण व्यवहारात त्याआधीच ड्रायव्हर, म्हणजे दिव्याच्या बुडाशी बसवलेले छोटे सर्किट, किंवा एखादी सुटी चिप दगा देऊ शकते. बंद पडलेल्या एलईडी बल्बचे प्लॅस्टिकचे टोपण काढून पाहिले, तर बऱ्याचदा एखाद्याच चिपवर काळा ठिपका दिसतो. चिप एकामागोमाग एक जोडलेल्या असल्यामुळे ती एक गेली की सगळी माळ विझते. चिप स्वच्छ दिसत असतील, तर ड्रायव्हरमधला फुगलेला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, शोधावा.

म्हणून तास वाचून झाल्यावर दिवा कुठे लागणार आहे, याचा विचार करावा. एलईडीचा शत्रू उष्णता: ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश सेल्सिअस वाढीला ढोबळमानाने निम्मे होते, तेव्हा चहूबाजूंनी बंद काचेच्या फिटिंगमध्ये त्यासाठीच बनवलेला दिवा घ्यावा. सीएफएल आणि ट्यूबलाइट यांना वारंवार चालू-बंद करणे मानवत नाही, कारण प्रत्येक वेळी पेटताना नळीच्या टोकांना असलेल्या इलेक्ट्रोडवरचा लेप थोडा झिजतो. न्हाणीघर किंवा जिना अशा ठिकाणी एलईडीच बरा. तंतूचा बल्ब व्होल्टेजला फार हळवा असतो आणि जेमतेम ५ टक्के जास्त दाबानेही त्याचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. सीएफएल आणि ट्यूबमध्ये थोडा पारा असतो, त्यामुळे फुटल्यास खिडक्या उघडून तुकडे झाडूऐवजी जाड कागदाने गोळा करावेत.

शेवटी स्वतःची नोंद ठेवावी. दिवा बसवताना धातूच्या टोपीजवळ न पुसणाऱ्या पेनाने तारीख लिहावी आणि तो उडाला की दिवसांना रोजच्या तासांनी गुणावे. एलईडी मंदावला आहे का, हे मात्र नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी तितक्याच ल्युमेनचा आणि त्याच रंगछटेचा नवा दिवा शेजारच्या होल्डरमध्ये लावून दोघांचा उजेड एकाच पांढऱ्या भिंतीवर पाहावा.