एलआरचा (महिला प्रतिनिधीचा) फॉर्म का भरायचा? अध्यक्षपदाचा भर की!

कॉलेजच्या विद्यार्थी निवडणुकीत उतरायचंय ना, मग पहिलं काम, कायदा वाच, कंटाळवाणा आहे पण वाच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016, कलम 99. कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी. आता होतं काय, मुलगी उभी राहतेय म्हटलं की सगळे, सरसुद्धा, म्हणणार "मग एलआरला उभी रहा ना". अहो, ती जागा निदान एक तरी मुलगी असावी म्हणून आहे, उरलेली पदं काय मुलांच्या नावावर लिहून दिलीयेत का? चंदीगडच्या पंजाब युनिव्हर्सिटीत 2018 ला कनुप्रिया थेट अध्यक्ष झाली, तिथली पहिली मुलगी.

पण आपल्याकडे महाराष्ट्रात गोची अशी की 1994 च्या कायद्याने खुल्या निवडणुका गेल्या, 2016 ला कागदावर परत आल्या आणि तरी घोडं अडलेलंच. म्हणून खरी चढाई कमिट्यांमधून, फेस्ट, एनएसएस, डिबेट क्लब वगैरे. फर्स्ट इयरलाच रांगोळी, अँकरिंग, पाहुण्यांना बुके असली कामं गळ्यात पडतात, एखादं कर, पण सोबत स्पॉन्सरशिप किंवा हिशोब मागून घे, मागून म्हणजे अक्षरशः सगळ्यांसमोर मीटिंगमध्ये. हॉल कोणाच्या सहीने मिळतो, बिलं ऑफिसात कुठे अडकतात, मागच्या वर्षी कुठल्या दुकानदाराने पैसे दिले, हे ज्याला माहीत त्यालाच पुढच्या वर्षी हेड करतात, भाषण कोण छान करतं ते कोणी बघत नाही. आणि रात्री दहाला टपरीवर किंवा बॉइज होस्टेलच्या रूमवर ठरतं ना सगळं, त्याला आधीच खोडा घाल: मीटिंग दुपारी, कॉलेजात, आणि जे ठरलं ते त्याच दिवशी ग्रुपवर लिहून टाकायचं. (मुलांचा वेगळा ग्रुप असतोच असतो, तिथे ठरलेलं मान्य नाही म्हणून सरळ सांग.)

निवडणूक लागलीच तर विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीच्या शिफारशी बघून ठेव. 75 टक्के अटेंडन्स, खर्च जास्तीत जास्त 5000 रुपये, छापील पोस्टर बंद. हे आपल्या फायद्याचंय, पैसेवाल्या पॅनेलची हवा निघते. पण पदाधिकारी म्हणून लढायची संधी एकदाच, त्यामुळे कोणीतरी भरीला घातलं म्हणून नको त्या पदावर ती घालवू नकोस.

प्रचारात कोणी घाणेरडं बोललं, फोटो फिरवले तर स्क्रीनशॉट काढून ठेव आणि कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी दे, यूजीसीच्या 2015 च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांशी संबंधित तक्रार असेल तर तिथे निवडून आलेले विद्यार्थी सदस्यही बसायला हवेत. ते कोण आहेत हे फॉर्म भरायच्या आधीच ऑफिसात विचारून घे.