बोन मॅरोच्या डेटावर काम करताय? आधी 'डे झिरो' समजून घ्या

मेडिकल डेटावर पहिलाच प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी लिहितेय. मी यूसीआयवरचा (मोफत डेटासेट मिळतात ती साइट) लहान मुलांच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा डेटासेट घेतला होता, पोलंडमधल्या संशोधकांनी दिलेला, मुलं फक्त १८७, सगळ्यांना नात्याबाहेरच्या डोनरच्या पेशी दिलेल्या. मूल वाचेल की नाही हे ओळखायचं.

पहिल्याच रात्री अ‍ॅक्युरसी नव्वदच्या वर, मी लगेच ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, "अगं, ट्रान्सप्लांटच्या दिवशी डॉक्टरांना यातलं काय काय माहीत असतं?"

त्या दिवसाला डे झिरो म्हणतात, आणि त्यानंतर कळणारं काहीही मॉडेलला द्यायचं नाही. मग एकेक कॉलम घेऊन बसले. किती दिवस जगलं हा कॉलम तर उघडच काढायचा, पण प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) किती दिवसांनी वर आल्या हा मला अगदी साधा वाटला होता. ज्यांच्या आल्याच नाहीत तिथे १०००००० भरलंय आणि मी तो खरा आकडा धरून सरासरी काढत होते! आणि प्लेटलेट्स वर यायच्या आधीच मूल गेलं असेल तर तिथेही तेच, म्हणजे मॉडेल झालेला मृत्यूच वाचून दाखवतंय. क्रॉनिक जीव्हीएचडीचंही (डोनरच्या पेशी पेशंटच्या शरीरावरच उलटतात तो दीर्घकाळचा त्रास) तसंच, तो व्हायला मूल काही महिने जगावं लागतं. रिलॅप्सही, म्हणजे आजार परत येणं, नंतरचाच.

उरलं काय, तर पेशंटचं आणि डोनरचं वय, आजार, एचएलए मॅच (दोघांचे टिश्यू किती जुळतात), सीएमव्ही स्टेटस (या व्हायरसचा संसर्ग आधी झालाय का), वजनाच्या किलोमागे सीडी३४ पेशी (रक्ताच्या मूळ पेशी) किती दिल्या, असं. अ‍ॅक्युरसी साठीच्या घरात आली. वाईट वाटलं खूप, पण हा आकडा खरा होता. त्यातही वीस टक्के टेस्टला ठेवले की जेमतेम ३८ मुलं, एका मुलाचं उत्तर बदललं की अडीच टक्के इकडचे तिकडे, म्हणून एकाच स्प्लिटवर भरवसा ठेवू नका, क्रॉस व्हॅलिडेशन (डेटाचे भाग पाडून प्रत्येक भाग आळीपाळीने टेस्टला ठेवणं) वेगवेगळे सीड घेऊन, म्हणजे दर वेळी वेगळी वाटणी करून, परत परत करा.

आणि जिवंत आहे म्हणजे शेवटच्या तपासणीपर्यंत जिवंत, कोणाची तपासणी काही महिन्यांपर्यंतचीच तर कोणाची काही वर्षांची, त्यांना सरळ हो-नाही मध्ये टाकू नका. पुढचं असं माहीत नसणं, याला सेन्सॉरिंग म्हणतात. कॅप्लान-मायरचा ग्राफ (कोणत्या दिवसापर्यंत किती टक्के जगले) आधी काढा, मग कॉक्सचं १९७२ चं मॉडेल (कोणत्या गोष्टीने धोका किती वाढतो), पायथनमध्ये लाइफलाइन्स या लायब्ररीने दोन्ही होतं. सी-इंडेक्स, म्हणजे दोघांपैकी आधी कोण जाईल हे मॉडेल किती वेळा बरोबर ओळखतं, तो ०.५ म्हणजे छापा-काटा.

ग्रुपवरचा जुना स्क्रीनशॉट मी तसाच ठेवलाय, त्याला रिप्लाय म्हणून नवा आकडा आणि काढलेल्या कॉलमची यादी टाकली.